बाइकचं ऑइल आणि फिल्टर पहिल्यांदा स्वतः बदलताना

मागच्या रविवारी माझी भाची ऐरोलीहून तिची १२५ सीसीची बाइक घेऊन आमच्याकडे कासारवडवलीला आली. "मामा, आज ऑइल मी बदलणार. तू फक्त शेजारी बसायचं, पान्याला हात लावायचा नाही," अशी तिची अट होती. मी ती पाळली. नवखा माणूस कुठे अडतो, कुठे घाबरतो आणि कुठे उगाच जोर लावतो, ते मला त्या दीड तासात नीट दिसलं. हा लेख त्यावरूनच लिहितोय.

काढायचं आणि ओतायचं काम तसं वीस मिनिटांचं. पैसेही थोडेच वाचतात. तरी मी प्रत्येक बाइकवाल्याला हे एकदा तरी स्वतः करून बघ म्हणतो, कारण इंजिनाच्या आत काय चाललंय हे जुनं ऑइल सांगतं आणि गॅरेजमध्ये ते आपल्या डोळ्यांसमोर येतच नाही. काळ्या डब्यात पडतं आणि निघून जातं. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र सर्व्हिस सेंटरमध्येच करून घ्या आणि बिलं जपून ठेवा.

कधी बदलायचं

गाडीच्या मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि महिने असे दोन आकडे असतात. जो आधी येईल तो धरायचा. पण ठाण्यात राहणाऱ्याने त्यात आणखी एक हिशेब करावा. घोडबंदर रोडवरून माजिवडा, कळवा, विटावा करत महाप्याला जाणाऱ्या गाडीचा सरासरी वेग गर्दीच्या वेळी ताशी १५ किलोमीटर धरा. या वेगाने ३,००० किलोमीटर व्हायला इंजिन २०० तास चालतं. तेच अंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी ४५ ने कापलं तर ६७ तास. मीटरवर आकडा एकच, पण इंजिनाने काम केलं तिप्पट वेळ. त्यात एअर कूल्ड इंजिनाला गार करणारा वारा गाडी चालतानाच मिळतो. सिग्नलला उभ्या गाडीचं ऑइल नुसतं तापत राहतं. म्हणून रोज या रस्त्याने जाणाऱ्याने मॅन्युअलच्या मर्यादेपर्यंत ताणू नये, थोडं आधीच बदलावं.

गाडी कमी चालत असेल तरी वर्षातून एकदा बदलाच. खाडीकाठची दमट हवा आणि दोन-तीन किलोमीटरच्या छोट्या फेऱ्या यामुळे इंजिनात ओल जमते, आणि इंजिन पुरेसं तापलंच नाही तर ती उडून जात नाही. मी दोन वेळा ठरवून ठेवल्या आहेत. मे महिन्याच्या शेवटी एअर फिल्टर बघायचा आणि दसऱ्याच्या आधीच्या रविवारी ऑइल बदलायचं. पावसाळाभर पाण्यातून गेलेल्या गाडीला झेंडूचा हार घालण्याआधी तिच्या पोटात काय आहे ते बघून घेतो. मधे किलोमीटर भरले तर अर्थातच तेव्हाही.

कोणतं ऑइल

डब्यावर दोन गोष्टी वाचायच्या. पहिली ग्रेड: १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-५० वगैरे. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, नंतरचा आकडा इंजिन तापल्यावर ते किती दाट राहतं ते. "आपल्याकडे उकाडा फार, जाड ऑइल टाका" असा सल्ला नेहमी मिळतो. तो ऐकू नका. इंजिनाच्या भागांमधली फट आणि ऑइल पंप ठराविक दाटपणा धरूनच बनवलेले असतात. १०डब्ल्यू-३० सांगितलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ओतलं तर सकाळी पहिल्या किकला ते वरच्या भागापर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि झीज सगळ्यात जास्त त्याच वेळी होते.

दुसरी गोष्ट जासो. हे जपानी मानक दुचाकींच्या फोर-स्ट्रोक इंजिनांसाठी आहे. बाइकचा क्लच बहुधा इंजिनाच्या त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून गिअरवाल्या बाइकला एमए किंवा एमए२ लिहिलेलंच ऑइल हवं. एमबी हे बिनगिअरच्या स्कूटरचं, जास्त निसरडं. घरात दोन्ही गाड्या असतील तर डबे वेगवेगळे ठेवा. एमबी किंवा कारचं निसरडं ऑइल बाइकमध्ये गेलं की क्लच प्लेटा सरकायला लागतात. इंजिन ओरडतं आणि गाडी पुढे जात नाही. मिनरल की सिंथेटिक यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, पण ग्रेड आणि जासो बरोबर असेल आणि वेळेवर बदलत असाल तर साध्या कम्युटर बाइकला मिनरलही पुरतं.

डबा सीलबंद घ्या, आणि रिकामा झाला की कात्रीने कापूनच टाका. भंगारात गेलेल्या चांगल्या डब्यांत भलतंच ऑइल भरून ते परत विकलं जाऊ शकतं.

बाकी सामान: ड्रेन बोल्टाला (इंजिनाच्या तळाचा, जुनं ऑइल बाहेर सोडणारा बोल्ट) बसणारा रिंग किंवा बॉक्स पाना (पुष्कळ गाड्यांना १७ चा लागतो, पण आपल्या बोल्टावर लावून बघा), ड्रेन बोल्टाचा नवा वॉशर, गाडीला कागदी ऑइल फिल्टर असेल तर नवा फिल्टर आणि त्याच्या ओ-रिंग (गळती थांबवणाऱ्या गोल रबरी रिंगा), नरसाळं, मापाचा जग, पसरट टब, हातमोजे, जुनी फडकी. उघड्या तोंडाचा फिक्स पाना नको, तो बोल्टाचे कोपरे मारतो. खाली पसरायला पुठ्ठा घ्या आणि थोडा लाकडाचा भुसा जवळ असू द्या. सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर ऑइल सांडलं तर लगेच भुसा टाकून शोषून घ्यायचं. डाग मुरला की निघत नाही, आणि पुढच्या रविवारी कमिटी तुम्हाला खाली काम करू देणार नाही.

ड्रेन बोल्ट: इथे घाई करू नका

गाडी सपाट जागेवर मेन स्टँडला लावा. इंजिन तीन-चार मिनिटं चालवा. कोमट ऑइल पातळ होतं, पटकन उतरतं आणि तळाचा गाळ सोबत घेऊन येतं. फार तापवू नका. खाली हात घालताना सायलेन्सर शेजारीच असतो. चावी काढा, दोन मिनिटं थांबा आणि आधी वरचं ऑइल भरायचं झाकण उघडा. ते उघडतंय याची खात्री पटल्याशिवाय खालचा बोल्ट सोडायचा नाही. वरचं झाकण अडकलेलं आणि खालचं ऑइल सगळं निघून गेलेलं, अशी गाडी ढकलतच न्यावी लागते.

आता बोल्ट ओळखा. मॅन्युअलमधलं चित्र समोर ठेवून ओळखा, अंदाजाने नको. काही इंजिनांत ड्रेन बोल्टाजवळच इंजिनातली टायमिंग चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा बोल्ट असतो. तो उघडला तर ऑइलबरोबर स्प्रिंग आणि दांडीही खाली येते. काही गाड्यांत ड्रेन बोल्टाच्या आतच स्प्रिंग आणि जाळी बसवलेली असते. तशी असेल तर बोल्ट शेवटच्या आट्यांवर आल्यावर तळहाताने वर दाबून धरत सोडवा, आणि कोणता भाग कसा बसला होता त्याचा मोबाइलवर फोटो काढा.

भाची अडली ती फिरवण्याच्या दिशेपाशी. बोल्टाचं तोंड जमिनीकडे असतं आणि आपण वरून वाकून बघतो, त्यामुळे डावं-उजवं उलटं होतं. सोडवतोय असं समजून माणूस आवळत जातो. सोपा उपाय असा: पुठ्ठ्यावर आडवं पडा आणि बोल्टाचं डोकं सरळ समोर दिसेल असं बघा. तिथून घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने फिरवलं की सुटतो. पाना पूर्ण बसवा, दुसऱ्या हाताने दाबून धरा आणि एकच ठाम झटका द्या.

इंजिनाचा खालचा भाग अॅल्युमिनियमचा असतो आणि बोल्ट लोखंडी. भांडण झालं तर हरतं अॅल्युमिनियम. माझ्या जुन्या गाडीचा बोल्ट एका गॅरेजमध्ये पान्याला पाइप लावून आवळला होता. पुढच्या वेळी मी तो सोडवला तर बोल्टाला अॅल्युमिनियमचे आटे गुंडाळून बाहेर आले. मग गाडी टेम्पोत घालून वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्याकडे नेली आणि भोक मोठं करून आत नवे आटे बसवून घेतले. दोन दिवस गेले. तेव्हापासून या बोल्टाला मी दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नाही.

बोल्ट सैल झाला की पाना बाजूला ठेवून हाताने सोडवा. ऑइलची धार आधी जोरात पुढे येते, मग तिरकी होते, म्हणून टब थोडा पुढे सरकवून ठेवा. दहा मिनिटं निथळू द्या. चावी बंद ठेवून हाताने दोन-तीनदा हळू किक दाबली तर राहिलेलं थोडंही उतरतं.

जुनं ऑइल वाचायचं कसं

ऑइल निथळतंय तोवर त्यातलं थोडं पांढऱ्या ताटलीत घ्या आणि उजेडात न्या. भाची इथे अर्धा तास बसली होती आणि मला ते फार आवडलं.

काळा रंग बघून घाबरू नका. काजळी पकडून स्वतःत धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. बोटांत चोळून बघा. अगदी पाण्यासारखं पातळ लागलं आणि पेट्रोलचा वास आला, तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय; कार्ब्युरेटर किंवा इंजेक्टर दाखवून घ्या.

दुधाळ किंवा चहासारखा रंग म्हणजे पाणी. इथे दोन प्रकार आहेत. भरायच्या झाकणाला आतून पिवळट फेस लागलाय पण खाली निघालेलं ऑइल काळंच आहे, तर ती छोट्या फेऱ्यांमुळे जमलेली ओल. आठवड्यातून एकदा गाडी चांगली वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणा, पाम बीच रोडवर एक चक्कर मारा. पण सगळंच ऑइल दुधाळ निघालं तर पाणी आत शिरलंय. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलं असताना जे गाडी दामटतात त्यांच्यावर ही पाळी येते. अशा वेळी त्याच ग्रेडचं ऑइल भरा, इंजिन काही मिनिटं नुसतं चालवा, पुन्हा काढा आणि मग शेवटचं नवं भरा. पहिल्या भरण्याला स्वस्तातलं चालेल. आणि गाडी पाण्यात बंद पडली असेल तर तिथल्या तिथे किक किंवा सेल्फ मारत बसू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर पाणी दाबलं जात नाही, वाकतो तो पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड. ढकलत बाहेर काढा आणि प्लग काढून बघा.

मग धातू. ताटलीखाली लोहचुंबक फिरवा. बोटावर राखाडी लेपासारखं काहीतरी येतं ते बहुतेक गाड्यांत येतं, नव्या गाडीत तर जास्तच. चमकणारे तुकडे, सालपटं दिसली तर ती जपून ठेवा. चुंबकाला चिकटली तर पोलाद, म्हणजे गिअर, कॅम यांपैकी काही. नाही चिकटली तर पिस्टन किंवा इंजिनाच्या खोक्याचं अॅल्युमिनियम असू शकतं. काळपट तंतू दिसले तर क्लच प्लेटा झिजताहेत. हे सगळं कागदात गुंडाळून मिस्त्रीला दाखवा. "इंजिनातून आवाज येतो" एवढंच सांगण्यापेक्षा तो तुकडा त्याला जास्त सांगतो.

शेवटी निघालेलं ऑइल मापाच्या जगमध्ये ओतून मोजा. भरलं होतं त्यापेक्षा बरंच कमी निघालं आणि बाहेर कुठे गळती नाही, तर इंजिन ऑइल पितंय. सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का ते बघा.

ऑइल फिल्टर

इथे अनेकांचा गोंधळ होतो, कारण पुष्कळ १००-१२५ सीसी गाड्यांना बदलायचा कागदी ऑइल फिल्टर नसतोच. त्यांत तारेची जाळी असते आणि क्रँकच्या (पिस्टनच्या जोराने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) टोकाला गोल फिरणारा सेंट्रिफ्युगल फिल्टर. तो फिरताना जड कण बाहेरच्या कडेला फेकतो आणि ते तिथे घट्ट चिखलासारखे बसतात. तो साफ करायला क्लच बाजूचं कव्हर आणि गॅस्केट काढावं लागतं. नवख्याने ते करू नये, मॅन्युअलमध्ये दिलेल्या किलोमीटरला मिस्त्रीकडून करून घ्यावं. जाळी सहज निघत असेल तर रॉकेल किंवा पेट्रोलमध्ये ब्रशने धुऊन वाळवा. जवळ विडी-सिगारेट, देवघराचा दिवा काही नको.

कागदी फिल्टर असेल तर तो छोट्या गोल झाकणामागे असतो. दोन-तीन बारीक बोल्ट असतात, ते थोडे-थोडे आळीपाळीने सोडवा. थोडं ऑइल इथूनही येईल. जुना फिल्टर काढण्याआधी त्याचं तोंड कोणत्या बाजूला आहे त्याचा फोटो घ्या. उलटा बसवला तर इंजिनाला ऑइल पोचत नाही, आणि छोट्या गाड्यांत ऑइलच्या दाबाचा दिवा नसल्यामुळे ते कळतही नाही. जुनी ओ-रिंग खाचेत चिकटून राहिली असेल तर काढा. दोन रिंगा एकावर एक बसल्या की गळती ठरलेली. नव्या रिंगेला बोटाने ताजं ऑइल लावा. झाकणाचे बोल्ट नाजूक असतात, मनगटाच्या जोरानेच आवळा. जुन्या फिल्टरच्या कागदाच्या घड्या कापून उघडून बघायला विसरू नका. ताटलीत न दिसलेले कण तिथे सापडतात.

भरणं

बोल्ट आणि त्याची जागा पुसून घ्या. नवा वॉशर लावा. जुना दबून कडक झालेला असतो. बोल्ट निदान तीन-चार फेरे हातानेच गेला पाहिजे. अडला तर तिरका बसतोय, काढून पुन्हा लावा. वॉशर टेकला की पान्याने साधारण पाव फेरा, फार तर अर्धा. टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरानेच आवळणारा पाना) असेल तर मॅन्युअलमधला आकडाच लावा.

किती ओतायचं ते मॅन्युअलमध्ये दोन प्रकारे दिलेलं असतं: पूर्ण इंजिन उघडल्यावर आणि नुसतं ऑइल बदलताना. आपल्याला दुसरा, कमी आकडा हवा. त्यातलं शंभर मिली मागे ठेवून ओता. झाकण लावून दोन-तीन मिनिटं इंजिन चालवा, रेस न करता. बंद करा, तीन मिनिटं थांबा आणि गाडी सरळ उभी असताना पातळी बघा. साइड स्टँडवर पातळी खोटी दिसते. डिपस्टिक (झाकणाला जोडलेली, पातळी मोजायची काडी) असेल तर ती आटे न फिरवता नुसती टेकवून मोजायची की फिरवून, हे गाडीप्रमाणे बदलतं. दोन्ही खुणांच्या मधे, वरच्या खुणेच्या जवळ ऑइल हवं. जास्त झालं तर त्याचा फेस होतो आणि इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात येतं, म्हणून वरची खूण ओलांडू नका.

एअर फिल्टर

घोडबंदर रोडला मेट्रो ४ च्या कामाची धूळ वर्षानुवर्षं आपण खातोय. आपली गाडीही खाते. फिल्टर तुंबला की मायलेज पडतो आणि पिकअप जातो. फाटला किंवा नीट बसला नाही तर ती धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाऊन पिस्टन रिंगा घासते. दुसरं जास्त वाईट.

फिल्टर कोणत्या प्रकारचा आहे ते आधी ओळखा, कारण चुकीच्या पद्धतीने साफ केलेला फिल्टर घाण फिल्टरपेक्षा वाईट. कोरडा कागदी असेल तर हलक्या हाताने आपटा, आणि हवा मारायची असेल तर कमी दाबाने, आतून बाहेरच्या दिशेने. कागद हाताला चिकट, तेलकट लागत असेल तर तो मुळातच तेल लावलेला फिल्टर आहे. तो धुवायचा नाही, त्यावर हवा मारायची नाही, वेळ झाली की बदलायचा. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात किंवा रॉकेलमध्ये दाबून-दाबून धुवा. पिळू नका, पिळला की फाटतो. सावलीत पूर्ण वाळल्यावर इंजिन ऑइलचे थोडे थेंब चोळा आणि जादा दाबून काढा.

फिल्टर काढला की डब्यातलं इंजिनाकडे जाणारं तोंड स्वच्छ फडक्याने झाका आणि मगच डबा ओल्या कापडाने पुसा. फडकं काढल्याशिवाय झाकण लावू नका. मी ते मुद्दाम लाल रंगाचं ठेवतो. डब्याच्या तळाशी एक छोटी नळी असते, तिचं टोक काढून बघा. पाणी निघालं तर पावसात आत गेलंय, ऑइल निघालं तर मागच्या वेळी जास्त भरलं होतं. पारदर्शक पेट्रोल फिल्टर बाहेर दिसत असेल आणि आत तपकिरी गाळ असेल तर बदला. इंजेक्शनच्या गाडीत तो बहुधा टाकीत असतो, तिथे हात घालू नका.

जुन्या ऑइलचं काय

पार्किंगच्या गटारात ओतू नका. आपली गटारं नाल्यांना आणि नाले ठाणे खाडीला मिळतात. त्या खाडीत २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये तिला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, जागा मिळाली. शिवाय २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेलं ऑइल येतं, ते अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवं. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरा, पाणी किंवा रॉकेल मिसळू नका, आणि जुनं ऑइल साठवून पुनर्वापराला देणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे विचारून द्या. तेच काळं ऑइल चेनला लावायची सवय पुष्कळांना आहे. त्यात काजळी आणि धातूचे कण असतात, चेन त्याने घासते.

वहीत तारीख, किलोमीटर, किती निघालं, किती भरलं आणि ताटलीत काय दिसलं ते लिहा. रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवा. भाचीने गाडी त्या रात्री आमच्याकडेच ठेवली. सकाळी सहाला मला न उठवता एकटीच खाली जाऊन तिने तो कागद बघितला आणि वर आणून माझ्यापुढे धरला. कोरडा होता. पन्नास किलोमीटरनंतर पातळी पुन्हा बघायला मी तिला सांगितलंय.